उत्तराआधीचा वेळ

"आज वार कोणता?" असं विचारल्यावर एक आजोबा लगेच "गुरुवार" म्हणतात. दुसरे खिडकीबाहेर बघतात, ओठांतल्या ओठांत काही जुळवतात आणि बऱ्याच वेळाने "गुरुवार" म्हणतात. कागदावर दोघांनाही सारखाच गुण मिळतो. स्मरण आणि आकलन तपासणाऱ्या चाचण्यांपैकी १९७५ साली आलेली मिनी मेंटल स्टेट परीक्षा घ्या किंवा २००५ साली प्रसिद्ध झालेली माँट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट घ्या. दोन्ही तीस गुणांच्या, आणि दोन्हींत बहुतेक प्रश्नांपुढे बरोबर की चूक एवढीच खूण करायची. उत्तर यायला किती वेळ गेला, हे लिहायला रकाना नाही.

ज्येष्ठांच्या अशा चाचण्या घेणं हे माझं काम आहे, आणि हा नसलेला रकाना मला कायम खुपत आला आहे. समोर बसणाऱ्याला तो वेळ जाणवतो. घरच्यांना तर त्याहून आधी जाणवतो. "बाबा बरोबरच सांगतात हो, पण पूर्वीसारखं पटकन येत नाही त्यांना," असं मुलगी म्हणते तेव्हा ती एक मोजमापच सांगत असते. तिच्या हातात घड्याळ नसतं, पण वडिलांचं आयुष्यभरचं बोलणं तिच्या कानात असतं. तिच्या या वाक्याला अहवालात जागा मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी लागणारं शास्त्र काही नवीन नाही, दीडशे वर्षांपासून आहे.

आधी हा वेळ केवढासा असतो ते बघू. पडद्यावर ठिपका दिसला की बटण दाबायचं, एवढंच काम असेल तर धडधाकट तरुण माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. जेमतेम पाव सेकंद. ठिपक्याऐवजी आवाज ऐकवला तर अजून थोडं लवकर जमतं, कारण डोळ्याला प्रकाशाचा संदेश तयार करायला कानापेक्षा जास्त वेळ लागतो. मज्जातंतूंतून जाणारा संदेश इतका वेगवान असतो की तो मोजणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, असं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ मानत होते. १८५० च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ हरमन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग केले आणि तो वेग सेकंदाला सुमारे २७ मीटर निघाला. आजच्या एखाद्या वेगवान मोटारगाडीएवढाच. संदेशाला वेळ लागतो म्हटल्यावर विचारालाही लागत असणार, आणि मग तोही मोजता येणार, हे ओघानेच आलं.

ते मोजायची युक्ती नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे शरीरशास्त्रज्ञ फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी काढली. माणसाच्या पायाला विजेचा हलका झटका द्यायचा. उजव्या पायाला बसला तर उजवा हात हलवायचा, डाव्याला बसला तर डावा. कोणत्या पायाला बसणार हे आधीच सांगितलं असेल तर वेळ कमी लागतो, सांगितलं नसेल तर जास्त. या दोन वेळांची वजाबाकी केली की उरतो तो निव्वळ 'कोणता पाय?' हे ठरवण्याचा वेळ. तो सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागाइतका निघाला. डोंडर्स यांनी १८६८ साली हे सविस्तर मांडलं. ही वजाबाकी आजही माझ्या टेबलावर आहे. ट्रेल मेकिंग नावाच्या चाचणीत पहिल्या भागात कागदावर विखुरलेले १ ते २५ आकडे क्रमाने रेघेने जोडायचे असतात, दुसऱ्या भागात आकडा आणि अक्षर आलटून पालटून. दोन्हींचा वेळ स्टॉपवॉचवर घ्यायचा आणि दुसऱ्यातून पहिला वजा करायचा. हात चालवायचा आणि नजर फिरवायचा वेळ बराचसा त्यात वजा होऊन जातो. उरतो तो एका साखळीतून दुसऱ्या साखळीत मन वळवण्याचा.

याच शास्त्राच्या इतिहासात एका माणसाची नोकरी गेल्याची नोंद आहे, आणि ती मला विसरता येत नाही. १७९५ साली ग्रीनिचच्या वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन हे राजखगोलशास्त्रज्ञ होते आणि डेव्हिड किनब्रुक हे त्यांचे सहायक. दुर्बिणीत ताणून बसवलेल्या बारीक तारेवरून ग्रह-तारे सरकत जाण्याचा क्षण घड्याळाचे टोले ऐकत टिपायचा, असं ते काम होतं. किनब्रुक यांच्या नोंदी मॅस्केलिन यांच्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने उशिरा येऊ लागल्या. सांगून पाहिलं, समज दिली, तरी फरक वाढून सेकंदाच्या आठ दशांशांवर गेला. १७९६ मध्ये किनब्रुक यांना काढून टाकलं. पुढे पंचवीसेक वर्षांनी क्योनिग्सबर्गचे खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांनी आपल्या आणि इतर निष्णात निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या. कोणाच्याच नोंदी एकमेकांशी जुळत नव्हत्या. प्रत्येक माणसाचा स्वतःचा असा एक उशीर होता, आणि तो बऱ्यापैकी ठरलेला होता. तो कळला की हिशेबात धरता येत होता. किनब्रुक आळशी नव्हते, निष्काळजीही नव्हते. त्यांचा वेळ वेगळा होता आणि तो कुणाच्या तरी वेळाशी ताडून दोष ठरवला गेला. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आपण सर्रास हेच करतो.

वयाबरोबर वेळ वाढतो हे खरंच आहे. ब्रिटनमधल्या सात हजारांहून जास्त प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की साधं, एकाच बटणाचं काम पन्नाशीपर्यंत फारसं मंदावत नाही, त्यानंतर मंदावतं. पण चार बटणांतून योग्य ते निवडायचं काम मात्र तारुण्यापासूनच हळूहळू मंदावत जातं. मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, त्यामुळे संदेश वेगाने जातो. वय वाढतं तसं हे आवरण जागोजागी विरतं, बारीक रक्तवाहिन्यांचा पुरवठा कमी पडतो आणि एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसू लागतात. ज्यांच्यात ते जास्त असतात त्यांचा वेग सर्वसाधारणपणे कमी आढळतो.

वेग कमी झाल्याने नेमकं काय बिघडतं, याचं सर्वांत पटणारं उत्तर मला मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाउस यांच्या १९९६ सालच्या मांडणीत मिळालं. ते दोन गोष्टी सांगतात. एक सरळ आहे. कामाला ठराविक वेळ असेल तर आधीच्या पायऱ्यांवरच तो खर्च होतो आणि शेवटच्या पायऱ्या राहून जातात. दुसरी जास्त खोल आहे. आधीच्या पायरीवर जे हाती आलं ते पुढची पायरी येईपर्यंत मनात टिकावं लागतं, आणि चाल संथ असेल तर ते टिकत नाही. डॉक्टर एका दमात सांगतात, "ही गोळी सकाळी उपाशीपोटी, ही जेवणानंतर, आणि दुसरी सुरू केली की आठवड्याने पहिली अर्धी करा." ऐकणारी आजी प्रत्येक शब्द ओळखते. पण 'अर्धी करा' हे पोचेपर्यंत 'पहिली' कुठली ते हातून निसटलेलं असतं. घरी गेल्यावर तिला आठवत नाही. सगळे म्हणतात, स्मरणशक्ती गेली. खरं तर तिच्या स्मरणापर्यंत ते वाक्य अखंड पोचलंच नव्हतं. तीच सूचना तुकड्यातुकड्याने, मधे थांबत दिली की तिला ती दुसऱ्या दिवशीही सांगता येते. हे मी इतक्या वेळा बघितलं आहे की सूचना देणाऱ्याचा वेग न नोंदवता ऐकणाऱ्याचं स्मरण मोजणं मला अर्धवट काम वाटतं.

इथवर सगळं सरळ आहे. म्हातारपणी यंत्रणा संथ होते, वेळ वाढतो, वेळ मोजला की यंत्रणेची अवस्था कळते. पण एवढं सरळ असतं तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

एक निवृत्त शिक्षक चाचणीसाठी आले होते. पडद्यावर बाण येणार, डावीकडचा असेल तर डावं बटण, उजवीकडचा असेल तर उजवं. सूचना नेहमीची: जमेल तितक्या लवकर, पण न चुकता. ते खुर्चीत ताठ बसले. दोन्ही तर्जन्या बटणांवर अधांतरी. बाण आला की ते बाणाकडे बघायचे, मग आपल्या बोटाकडे बघायचे, पुन्हा बाणाकडे, आणि मग दाबायचे. दाबल्यावर हलकेच मान डोलवायचे. एकही उत्तर चुकलं नाही. वेळ मात्र त्यांच्या वयाच्या मानानेही बराच जास्त. उठताना त्यांनी विचारलं, "चूक नाही ना झाली कुठे?" किती वेळ लागला, हे त्यांनी विचारलंच नाही. मी म्हटलं, "सर, अजून एकदा करू या. या वेळी एखाद-दुसरं चुकलं तरी चालेल, फक्त घाई करा." त्यांना ते फारसं आवडलेलं दिसलं नाही. पण त्यांनी केलं, आणि वेळ धाडकन खाली आला. दोन-तीन चुका झाल्या, बस.

मेंदू तोच, दिवस तोच, बोटंही तीच. बदलला होता तो फक्त त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम. किती खात्री झाल्यावर उत्तर द्यायचं, हा तो नियम.

मानसशास्त्रज्ञ रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ साली मांडलेलं डिफ्यूजन मॉडेल या नियमाला आकड्यात आणतं. त्यामागचं गणित अवघड आहे, कल्पना तेवढी नाही. थेंबे थेंबे तळे साचे, तसा निर्णय साचत असतो. बाण डावीकडचा आहे याचा पुरावा मेंदूत थेंबाथेंबाने जमतो, ठरावीक रेषेपर्यंत पाणी आलं की उत्तर बाहेर पडतं. यात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. थेंब किती भराभर पडतात, रेषा किती उंच आखली आहे, आणि डोळ्याने टिपण्यात व बोट हलवण्यात किती वेळ जातो. स्टॉपवॉचवर तिन्हींची बेरीजच दिसते. पण बरोबर उत्तरांचे वेळ, चुकलेल्या उत्तरांचे वेळ आणि चुकांचं प्रमाण एकत्र मांडलं की तिन्ही वेगळ्या काढता येतात. त्यासाठी प्रत्येक उत्तराचा वेळ सुटा नोंदवलेला हवा. नुसती सरासरी लिहून ठेवली असेल तर यातलं काहीही करता येत नाही.

रॅटक्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून साठ-पंच्याहत्तरीच्या माणसांवर असे बरेच प्रयोग केले. अनेक कामांत थेंबांचा वेग तरुणांइतकाच निघाला. ज्येष्ठांची रेषा मात्र वर होती, आणि टिपण्या-दाबण्याचा वेळ जास्त होता. सगळीकडे असं नाही. अक्षर क्षणभर दाखवून लगेच झाकलं, किंवा कोणता शब्द कोणत्या शब्दाबरोबर आला होता ते विचारलं, तर तिथे थेंबच मंदावलेले दिसले. २०२२ साली हायडलबर्गच्या संशोधकांनी अकरा लाखांहून जास्त लोकांची इंटरनेटवरच्या एका चाचणीतली उत्तरं याच पद्धतीने तपासली. प्रतिसादाला लागणारा वेळ विशीपासून वाढत जातो हे त्यांनाही दिसलं. पण विचाराचा वेग म्हणावा असा जो घटक आहे, तो साधारण साठीपर्यंत टिकून होता. त्याआधीची वाढ सावधपणाची आणि हातापायांच्या संथपणाची होती. अर्थात ही सगळी माणसं एकाच वेळी पाहिलेली आहेत, तीच माणसं वर्षानुवर्षं पाहिलेली नाहीत. शिवाय इंटरनेटवर स्वतःहून चाचणी द्यायला बसणारी सत्तरीची व्यक्ती आपल्या वयोगटातली सर्वसाधारण व्यक्ती असेलच असं नाही. तरीही 'चाळिशी उलटली, डोकं मंद झालं' असं म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा.

मग वेळ मोजून उपयोग काय? माझ्या मते खरा ऐवज सरासरीत नाहीच. उदाहरणादाखल दोन ओळी मांडते. एकाच कामाचे, मिलिसेकंदात, दहा-दहा प्रतिसाद.

पहिली व्यक्ती: ६४०, ६५५, ६२८, ६६२, ६४९, ६७१, ६३३, ६५८, ६४५, ६५९.

दुसरी व्यक्ती: ४३०, ४६२, ४४५, १३९०, ४५१, ४३८, ४७०, १५०५, ४५५, ४५४.

दोघांची सरासरी ६५० येते. अहवालात फक्त ती लिहिली तर दोघं सारखेच. पण ओळी वाचताना डोळ्यांना जे दिसतं ते कोणालाही कळेल. पहिली व्यक्ती संथ आहे आणि तिच्या संथपणावर विसंबून राहता येतं. दुसरी चपळ आहे, पण मधेच तिचा धागा तुटतो, सेकंदभर ती तिथे नसतेच, मग परत येते. मला दुसऱ्या ओळीची काळजी वाटेल. ही व्यक्ती गाडी चालवत असेल तर फारच.

या चढउताराचा अभ्यास कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात डेव्हिड हल्ट्श आणि सहकाऱ्यांनी नेटाने केला. त्यांच्या २००० सालच्या एका अभ्यासात तीन गट होते: सौम्य डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेले, संधिवात असलेले आणि निरोगी. संधिवाताचा गट घेण्यामागची दृष्टी मला फार आवडते. दुखण्याने, आजारपणानेच माणूस असा खाली-वर होत असेल तर संधिवातवाल्यांतही ते दिसायला हवं होतं. तसं दिसलं नाही. डिमेन्शियाच्या गटातला चढउतार बाकी दोघांपेक्षा ठळकपणे जास्त होता. म्हणजे हा चढउतार शरीराच्या कुरकुरीतून येत नसून मेंदूच्या अवस्थेबद्दल काही सांगतो. लुई बॉडी डिमेन्शियात तर हे विशेषच दिसतं. त्या आजाराची ओळखच अशी की माणूस सकाळी अगदी लख्ख असतो आणि दुपारी हरवलेला. अशा रुग्णांचे प्रतिसाद काही मिनिटांच्या बैठकीतसुद्धा अल्झायमरच्या रुग्णांपेक्षा जास्त अस्थिर असल्याचं मोजून दाखवलं गेलं आहे. घरचे म्हणतात, "कधी कधी अगदी पूर्वीसारखे असतात हो." त्यांना तो आशेचा किरण वाटतो, आणि डॉक्टरांसाठी तो निदानाचा धागा असतो. हे त्यांना समजावून सांगणं माझ्या कामातल्या सर्वांत अवघड गोष्टींपैकी एक आहे.

आता जे मेंदूचं नाही पण वेळात मिसळतं, त्याबद्दल. मोतीबिंदू असेल तर बाण धूसर दिसतो. बोटांचे सांधे सुजलेले असतील तर दाबायलाच वेळ लागतो. पार्किन्सनमध्ये ठरवून झालेलं असतं, पण हात उचलत नाही. ऐकू कमी येत असेल तर सूचना अर्धीच पोचते, आणि विचारायचा संकोच वाटून माणूस अंदाजाने सुरुवात करतो. थायरॉईड मंद असेल, झोप झाली नसेल, मन खचलेलं असेल, तर सगळंच संथ होतं. नैराश्यातला संथपणा इतका दाट असू शकतो की तो डिमेन्शियासारखा दिसतो, आणि उपचारांनी तो बऱ्याच अंशी ओसरतो. औषधांचा भाग तर मी नेहमी सर्वांत आधी विचारते. झोपेच्या गोळ्या, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली काही औषधं. आदल्या रात्री काय घेतलं हे न विचारता घेतलेला वेळ मी वेळ मानत नाही. कितीतरी घरांत या गोळ्या अनेक वर्षं चालू असतात आणि त्या 'औषधांत' मोजल्याच जात नाहीत. म्हणून "औषधं कोणती?" असं न विचारता "रात्री झोपण्याआधी काय काय घेता?" असं विचारावं लागतं.

आणि यंत्रही आपला वेळ मिसळतं. साधा पडदा सेकंदाला साठदा ताजा होतो, म्हणजे दोन चित्रांत सुमारे १७ मिलिसेकंदांचं अंतर. स्पर्शपडदा बोट ओळखायला आणखी कित्येक मिलिसेकंद घेतो, आणि म्हातारपणी कोरडी झालेली बोटं त्याला कधीकधी पहिल्या दाबात कळतच नाहीत. गेल्या वर्षी एका यंत्रावर आणि यंदा दुसऱ्या यंत्रावर घेतलेल्या वेळांची तुलना करून कोणी 'घसरण' म्हणालं तर मी ती मान्य करणार नाही. ज्यांनी आयुष्यात कधी अशी बटणं दाबली नाहीत त्यांना सरावाच्या फेऱ्या भरपूर द्याव्या लागतात, नाहीतर आपण आकलन मोजतोय की नवखेपण, हेच कळत नाही.

एवढी मिसळण असूनही हा वेळ पुष्कळ काही सांगतो, हे विलक्षण आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम भागात छप्पन वर्षांच्या सुमारे नऊशे माणसांचा प्रतिसादवेळ मोजून त्यांचा सत्तरीपर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा संथ आणि अस्थिर प्रतिसाद देणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. बुद्ध्यंक आणि मृत्यू यांच्यातला जो संबंध आधी दिसत होता, त्याचा बराचसा भाग या वेळांनी व्यापला. युके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-संशोधन प्रकल्पाने चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या सुमारे पाच लाख लोकांना पत्त्यांच्या जोड्या दाखवून, जोडी जुळली की बटण दाबायला सांगितलं. बारा फेऱ्यांचं, अगदी थोड्या वेळाचं काम. गटासाठी ते उपयोगी आहे. समोर बसलेल्या एका माणसाचं भवितव्य मात्र त्यावरून वर्तवू नये.

एका माणसासाठी उपयोगी पडते ती त्याची स्वतःशीच तुलना. बेसेल यांनी जे निरीक्षकांबद्दल दाखवलं तेच इथे लागू पडतं. प्रत्येकाचा स्वतःचा उशीर असतो. तो तब्येत ठीक असताना, साठीच्या आसपास, दोन-चार वेगवेगळ्या दिवशी मोजून ठेवला तर पुढे कधी प्रश्न पडल्यावर ताडून बघायला काहीतरी असतं. नाहीतर आपण त्या माणसाला समवयस्कांच्या सरासरीशी ताडतो, आणि जो मुळात अतिशय चपळ होता त्याची मोठी घसरणसुद्धा 'वयोमानानुसार ठीक' म्हणून सुटून जाते. उलट जो जन्मभर संथ होता त्याच्यावर उगाच शिक्का बसतो. रक्तदाब, साखर, डोळ्यांचा नंबर यांच्या जुन्या नोंदी आपण जपून ठेवतो. मग ही का नको?

अलीकडे याची एक नवी वाट निघाली आहे, आणि तिच्याबद्दल मी उत्सुकही आहे आणि सावधही. मोठमोठ्या पाहण्यांत लोक पडद्यावर प्रश्नावली भरतात. प्रकृती कशी आहे, झोप लागते का, एकटं वाटतं का, असले प्रश्न. प्रत्येक उत्तराला लागलेला वेळ संगणक आपोआप नोंदवतो. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले संशोधक हे वेळ वापरून आकलनाचा अंदाज घेता येतो का, हे तपासत आहेत. वाचायचं, आठवायचं, पर्यायांतून निवडायचं, हे सगळं त्या काही सेकंदांत घडतच असतं, त्यामुळे वेगळी परीक्षा न घेताही काही हाती लागू शकतं. मोठ्या वाक्याला वाचायलाच वेळ लागतो, वैयक्तिक प्रश्नाला माणूस थबकतो, मधेच दारावरची घंटा वाजते. हे सगळं गणितात सांभाळावं लागतं. पण माणूस आपल्या घरी, परीक्षेच्या दडपणाशिवाय, वर्षानुवर्षं उत्तरं देत राहतो, आणि त्यातून त्याची स्वतःशी तुलना आपसूक तयार होते. दवाखान्यापर्यंत येणं ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी हे किती मोलाचं ठरेल, याची कल्पना मला आहे.

सावध असण्याचं कारण मात्र तितकंच ठोस आहे. "झोप लागते का?" या प्रश्नाला उत्तर देणाऱ्याने झोपेबद्दल सांगायला होकार दिलेला असतो. आपण किती वेळ थबकलो हेही कोणीतरी टिपतंय आणि त्यावरून आपल्या मेंदूबद्दल निष्कर्ष काढतंय, हे त्याला माहीत नसतं. हेच टिपण फोनच्या कीबोर्डवरून घेता येतं, आणि ते विमा उतरवणाऱ्याकडे किंवा नोकरी देणाऱ्याकडेही पोचू शकतं. पाठ केलेलं उत्तर देऊन माणूस आपली विसराळू अवस्था थोडे दिवस झाकू शकतो. थबकणं झाकणं त्याच्या हातात नाही. म्हणूनच ते टिपण्याआधी त्याला विचारलंच पाहिजे, आणि समजेल अशा शब्दांत, समजायला लागेल तेवढा वेळ देऊन विचारलं पाहिजे.

मी स्वतः आता अहवाल लिहिताना सरासरी वेळेशेजारी आणखी चार गोष्टी लिहिते: चुका किती झाल्या, प्रतिसाद किती खाली-वर झाले, यंत्र कोणतं होतं आणि आदल्या रात्री कोणती गोळी घेतली होती. जुना वेळ असेल तर तोही. छापील नमुन्यात यांतल्या बऱ्याच गोष्टींना रकाना नाही, म्हणून त्या समासात लिहाव्या लागतात. पुढचे डॉक्टर समास वाचतात की नाही हे फोन करून विचारते. बहुतेक जण वाचतात, आणि काही जण आता स्वतःहून विचारू लागलेत की मागच्या वेळचे सुटे आकडे आहेत का.